कोरड्या लेनचा गोळा

किकवीचे टायर व्यावसायिक संपतराव शेटे यांचं गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी पुण्यातल्या रुग्णालयात हृदयविकाराने निधन झालं. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. दुपारी किकवीत अंत्यसंस्कार झाले. मागे पत्नी मंगल आहेत. निधन झालं त्या दिवशी महाराष्ट्राच्या वरिष्ठ गटाच्या बोलिंग संघात त्यांचं नाव होतं.

हे बोलिंग म्हणजे क्रिकेटमधलं नव्हे. लांब, गुळगुळीत पट्टीवरून जड गोळा घरंगळत सोडायचा आणि पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या दहा पिना पाडायच्या, तो खेळ. पुण्या-मुंबईच्या मॉलमध्ये लोक वाढदिवसाला खेळतात, तोच. भोर तालुक्यात हा खेळ गांभीर्याने खेळणारा दुसरा माणूस माझ्या माहितीत नाही. मी वृत्तपत्राच्या क्रीडा पानावर काम करत असताना त्यांची ओळख झाली आणि पुढे टिकली.

संपतराव तरुणपणी पुण्यातल्या एका बोलिंग सेंटरवर पिना उभ्या करणाऱ्या यंत्रांची देखभाल करायचे. यंत्र दुरुस्त झालं की तपासण्यासाठी दोन-चार गोळे टाकून पाहावे लागत. तपासणी लांबत गेली. मालकाने हरकत घेतली नाही, कारण यंत्रं कधी बंद पडत नव्हती. ते सेंटर पुढे बंद झालं, तेव्हा संपतराव गावी आले आणि हमरस्त्याच्या कडेला टायरचं दुकान टाकलं. पंक्चर, जुने टायर, चाकांचं संतुलन. खेळ सुटला तो बरीच वर्षं. मग नसरापूरच्या अलीकडे एक रिसॉर्ट उभं राहिलं. तिथे पाहुण्यांच्या करमणुकीसाठी दोन लेन बसवल्या होत्या. यंत्र अडलं की संपतरावांना बोलावणं यायचं, आणि मोबदल्यात त्यांनी एकच गोष्ट मागून घेतली होती... सोमवारी पाहुणे नसतात, तेव्हा दुपारी लेन त्यांना मोकळी मिळावी.

या दोन लेन कोरड्या होत्या. हे थोडं समजून घ्यावं लागतं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बोलिंगच्या लेनवर तेलाचा पातळ थर दिलेला असतो. गोळा सुरुवातीला त्या तेलावरून घसरत जातो आणि शेवटच्या टप्प्यात, जिथे तेल संपतं, तिथे पकड घेऊन वळतो आणि पिनांमध्ये तिरका घुसतो. तेल नसेल तर गोळा हातातून सुटल्या सुटल्या पकड घेतो. लवकर वळतो, जोर वाटेत खर्च करतो, आणि पिनांपर्यंत पोचतो तो एक तर दमून, नाही तर भलत्याच बाजूला. रिसॉर्टच्या लेनना तेल कधी लागलंच नाही. धरणावरून, धबधब्यावरून आलेले पाहुणे पायाला चिखल घेऊन येतात म्हणून तिथली मुलं त्या रोज फिनेलच्या पाण्याने पुसत. मालकाला तेलाबद्दल सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "शेटे, एकदा कुणी घसरून पडलं की तुम्ही येणार का दवाखान्यात?" विषय तिथेच संपला.

संपतरावांनी त्यावर काढलेला उपाय ताकदीचा होता. टायर उचलून उचलून खांदे भक्कम झालेले. गोळा इतक्या वेगाने टाकायचा की त्याला वळायला वेळच मिळू नये. त्यांच्याकडचा गोळा मुंबईच्या एका खेळाडूकडून घेतलेला, वापरलेला होता. निळा, खरबरीत, भरपूर पकड असलेला. तेलाने माखलेल्या लेनसाठी बनवलेला. कोरड्या लेनला तो साफ चुकीचा होता, हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. "नव्या नक्षीचा टायर हाय ह्यो," ते म्हणायचे. "चिखलात लई भारी. डांबरावर नुसता आवाज करतो. आपल्याला हितं घासून पार गोटा झालेला टायर पायजे." पण दुसरा गोळा घेणं होत नव्हतं, आणि वेगावर भागत होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि वेगाचा उपाय संपला. हृदयाची ताकद कमी झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. दुकानात टायर उचलायला माणूस ठेवावा लागला. खेळ बंद करा असं डॉक्टर थेट म्हणाले नाहीत. जोर लावू नका म्हणाले. संपतरावांनी त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला. गोळा हलक्या हाताने टाकायचा, आणि तरीही तो सरळ जायला हवा. म्हणजे गोळाच बदलायला हवा. याच सुमारास राज्य संघटनेने पन्नाशीपुढच्या खेळाडूंचा वरिष्ठ गट सुरू केला. पाच जणांचा संघ, निवड चाचणी पुण्यात. संपतराव कधी कोणत्या संघात नव्हते. यंत्रांकडचा माणूस म्हणून ते खेळाडूंना ओळखत, खेळाडू त्यांना ओळखत, पण नोंद कुठेच नव्हती. "एकदा तो महाराष्ट्राचा शर्ट अंगावर येऊ दे," असं ते मंगलताईंना म्हणाले होते. "मग टाकतो गोळा विहिरीत." मंगलताईंनी विचारलं, "शर्ट अंगावर येऊस्तोवर तुमी ऱ्हायला पायजे ना?" हा संवाद मला दोघांनीही स्वतंत्रपणे सांगितला आहे, आणि दोघांनीही हसत.

किकवीत या गोळ्याची चेष्टा चालत असे. पिशवी घेऊन ते रस्ता ओलांडायला लागले की समोरच्या चहाच्या टपरीवरचा बबनराव ओरडायचा, "संपतराव, आज कुणाच्या लग्नाला? आहेर लई जड दिसतोय!" त्यावर संपतराव पिशवी त्याच्या फळीवर ठेवायचे आणि म्हणायचे, "उचल. उचललास तर तुला." फळी वाकायची, बबनराव चहा द्यायचा.

झटक्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी खंडेनवमीला जे घडलं, ते किकवीशिवाय कुठे घडलं नसतं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. दुकानातले जॅक, पाने, टायर काढायच्या पहारी धुऊन-पुसून, तेल लावून, हळद-कुंकू वाहून मांडायच्या, वर झेंडूची माळ. मंगलताईंचं माहेर वेल्ह्याकडचं. तिथे डोंगरउतारावर खुरासणी पिकते आणि तिचं तेल दरवर्षी भावाकडून येतं. त्यांनी सगळ्या लोखंडाला ते तेल चोळलं आणि त्या ओळीत निळा गोळाही ठेवला. तोही ह्यांचं हत्यारच, असा त्यांचा विचार. त्यालाही तेल चोळलं, हळद लावली. दसऱ्यापर्यंत पूजा हलवायची नाही, म्हणून तो तसाच राहिला. या जातीच्या गोळ्याचं बाहेरचं कवच सच्छिद्र असतं. तेल दिसलं की गोळा ते पितो. याने पोटभर प्यायलं.

नंतरच्या सोमवारी मी रिसॉर्टवर होतो. संपतरावांनी गोळा सोडला आणि तो वळेना. सरळ गेला, अगदी शेवटी थोडा कलला आणि मधल्या पिनेच्या कुशीत शिरला. सगळ्या पिना पडल्या. त्यांनी पुन्हा टाकला. पुन्हा तसाच. त्यांनी गोळा नाकाशी नेला, वास घेतला आणि म्हणाले, "मंगलनं त्याची खोड जिरवली." ज्या गोळ्याची पकड कोरड्या लेनवर नको होती, तीच तेलाने मेली होती. नवा गोळा घ्यायची गरज उरली नाही. पुढचं जवळपास वर्षभर ते घरी मुद्दाम तेल लावून घेत. मंगलताई दर पंधरवड्याला देवाला दिवा लावताना त्याच वाटीतलं तेल आणि चिमूटभर हळद गोळ्याला चोळत. मंगलताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही, संपतरावांनाही नाही. लेनवर तेल असतंच; ते गोळ्यावर आलं, इतकाच फरक, असं संपतरावांचं म्हणणं होतं.

निवड चाचणीत संपतरावांची पाळी दुपारच्या तुकडीत आली. हे त्यांच्या पथ्यावर पडणारं होतं. लेनना सकाळी तेल दिलेलं असतं. खेळून खेळून गोळे ते उचलून नेतात आणि दुपारपर्यंत लेन कोरड्या पडतात. बाकीचे त्यामुळे वैतागतात. संपतराव आयुष्यभर कोरड्यावरच खेळले होते. पण खेळण्याआधी प्रत्येकाचा गोळा तपासला जातो. दुपारची वेळ, बाहेर ऊन. दुचाकीच्या डिकीतून आलेला गोळा तापून तेल सोडू लागला होता. निवडप्रमुखांनी तो पांढऱ्या फडक्याने पुसला. फडकं पिवळं झालं आणि टेबलावर खुरासणीचा वास पसरला.

"हे काय आहे?"

"हळद हाय, साहेब. अन् तेल. घरचं."

"गोळ्याला बाहेरून काही लावायचं नाही. नियम आहे."

"लेनवर तुमीच तेल टाकता की. त्ये चालतं, गोळ्यावर चालत न्हाई व्हय?"

"लेनवरचं सगळ्यांना सारखं असतं, शेटे."

संपतरावांनी वाद घातला नाही. निवडप्रमुखांचं बरोबर आहे, असं त्यांनी तिथेच, माझ्या देखत सांगितलं. गोळा बाद झाला. त्यांनी सेंटरच्या मांडणीवरचा, गिऱ्हाइकांना देतात तो साधा प्लास्टिकचा गोळा निवडला. निवड योग्य होती. कडक, चकचकीत कवचाचा प्लास्टिकचा गोळा कोरड्या लेनवर कमीत कमी पकड घेतो आणि सरळ राहतो. पण त्याची बोटांची भोकं कुणाच्याही हाताला चालतील अशी ढोबळ असतात. पहिले डाव अंगठा अडकण्यात गेले. शेवटच्या तीन डावांत त्या तुकडीत सर्वांत जास्त गुण संपतरावांचे होते. एकूण गुणांत ते सहावे आले. संघ पाच जणांचा होता. त्यांचं नाव राखीव म्हणून लिहिलं गेलं.

घरी त्यांनी अंगठा अडकला एवढंच सांगितलं. तेलाचं सांगितलं नाही. टपरीवर मात्र ते बोलले होते, आणि ते बबनरावच्या तोंडून बाहेर पडलं. मंगलताई दूध घ्यायला टपरीवर गेल्या, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, तुमी गोळ्याला तेल पाजलं आणि गोळ्यानं पंचाचं फडकं रंगवलं म्हणं!" हे त्याने गमतीने म्हटलं होतं. त्याला वाटलं त्यांना ठाऊक असेल. मंगलताई दूध न घेता परत गेल्या.

त्यानंतर त्यांनी काय केलं, ते त्यांनीच मला सांगितलं. गोळ्यात मुरलेलं तेल कसं काढतात ते त्यांनी संपतरावांना विचारलं. कोमट पाण्यात साबण घालून गोळा बुडवून ठेवायचा, तेल वर येतं, पाणी बदलायचं, पुन्हा ठेवायचं. त्यांनी आंघोळीच्या बादलीत ते सुरू केलं. पाण्यावर तवंग यायचा, त्या तो ओतून द्यायच्या आणि पुन्हा पाणी तापवायच्या. "म्या ह्यांना म्हनलं, माझ्यापायी ग्येलं तुमचं. तर हे म्हनले, अगं, तुझ्यापायी वरीसभर झ्याक खेळलो की. त्ये धर ना." तेल निघालं. निळा गोळा पुन्हा पूर्वीसारखा झाला... म्हणजे तेलाच्या लेनवर चांगला आणि रिसॉर्टवर निरुपयोगी.

कोरड्या लेनसाठी आता खरोखरच दुसरा गोळा घ्यायचा होता. संपतरावांनी तो पुण्यात जाऊन निवडला, मी सोबत होतो. दुकानदार त्यांना महागडे, पकडीचे गोळे दाखवत होता. सध्या सगळे हेच घेतात, म्हणत होता. संपतरावांनी प्रत्येक गोळ्यावर नख फिरवून पाहिलं. खरबरीत कवच बाजूला ठेवलं. चकचकीत पण आतून जोरकस असलेले दोनही बाजूला ठेवले, कारण आतलं वजन गोळ्याला लवकर कलायला लावतं. शेवटी त्यांनी काळा, साधा प्लास्टिकचा गोळा उचलला. दुकानदार म्हणाला, "काका, हा नवशिके घेतात." ते म्हणाले, "मग द्या की. नवशिक्यांएवढाच जोर हाय आता अंगात." वजनही पूर्वीपेक्षा हलकं घेतलं. बोटांची मापं देऊन भोकं पाडून घेतली. अंगठ्याच्या भोकात त्यांनी चार-पाच वेळा अंगठा घालून काढून पाहिला आणि दरवेळी मान हलवली.

त्या काळ्या गोळ्याने ते पुढे काही सोमवार खेळले. हलक्या हाताने टाकलेला गोळा फिनेलच्या वासाच्या त्या लेनवरून निवांत जायचा आणि शेवटी जेवढं वळायला हवं तेवढंच वळायचा. त्यांना दम लागत होता. दोन फेकींच्या मध्ये ते खुर्चीत बसत आणि बसल्या बसल्या पिना पुन्हा उभ्या करणाऱ्या यंत्राचा आवाज ऐकत, पट्टा ढिला झाल्याचं सांगत. राखीव खेळाडूला बोलावतात का, असं त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हटलं, क्वचित. "बरं," ते म्हणाले. दुसऱ्या कशाबद्दल बोलू लागले.

त्यानंतर त्यांच्या पायांवर सूज आली, मग छातीत पाणी झालं, आणि त्यांना रुग्णालयात दाखल केलं. डॉक्टरांनी मंगलताईंना बाजूला घेऊन सांगितलं, की यातून घरी जाणं अवघड आहे. हे सोमवारी. त्याच दिवशी संध्याकाळी संपतरावांच्या मोबाईलवर, जो मंगलताईंकडे होता, संघाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. संघातल्या एकाचं गुडघ्याचं दुखणं उलटलं होतं. स्पर्धा कर्नाटकात होती, संघ शुक्रवारी पहाटे पुण्याहून गाडीने निघणार होता. शेटे येऊ शकतील का?

मंगलताई म्हणाल्या, "येतील."

व्यवस्थापकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? त्या म्हणाल्या, "हाय. तुमी गाडी किकवी फाट्यावर थांबवा. हमरस्त्यालाच हाय." हे संभाषण दोन्ही बाजूंनी मला सारखंच सांगण्यात आलं आहे. आपण असं का म्हणालो, यावर मंगलताईंचं उत्तर एवढंच आहे, की न्हाई म्हनायला तोंडच उघडेना.

त्यांनी आत जाऊन संपतरावांना सांगितलं, की निवड झाली. मंगळवारी मी भेटायला गेलो, तेव्हा तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी पहिलं विचारलं ते हेच. "तितल्या लेनी कशा हायेत? कोरड्या का तेलाच्या?" मला माहीत नव्हतं. मंगलताई म्हणाल्या, "म्या इचारते." त्या बाहेर गेल्या आणि त्यांनी व्यवस्थापकांना खरोखरच फोन लावला. व्यवस्थापकांनी नंतर मला सांगितलं, की त्या फोनमुळे त्यांची उरलीसुरली शंका गेली. जो माणूस लेनची चौकशी करतो, तो येणारच. त्यांनी दुसरा राखीव खेळाडू पाहिला नाही. मंगलताई परत आल्या आणि म्हणाल्या, "सकाळी भरपूर तेल टाकतात म्हनं. दुपारनंतर कोरडं पडतं."

संपतरावांनी डोळे मिटून विचार केला.  मग ते म्हणाले, "दोन्ही गोळं घे. सकाळला निळा. दुपारला काळा. निळा पुसून ठेव, त्येला तेलाचं बोट लावू नगं."

"न्हाई लावत," मंगलताई म्हणाल्या.

"अन् शर्ट?"

"गाडीत देनार हायेत म्हनं."

बुधवारी मंगलताईंचे भाऊ किकवीला जाऊन दोन्ही गोळे पिशवीत भरून रुग्णालयात घेऊन आले. तसं संपतरावांनीच सांगितलं होतं. पिशवी खाटेखाली ठेवली. परिचारिकेने ती हलवायला सांगितली. एकटीला उचलेना, तेव्हा राहू दे म्हणाली. आपण कुठेही जाणार नाही हे संपतरावांना कळलं होतं का, याबद्दल दोन मतं आहेत. भावाचं म्हणणं, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि ते बायकोला साथ देत होते. मंगलताईंचं म्हणणं, त्यांना शेवटपर्यंत खरं वाटत होतं. दोन्हीपैकी कशालाही दुजोरा मिळालेला नाही.

गुरुवारी सकाळी ते गेले. त्या दिवशी व्यवस्थापकांना कुणी कळवलं नाही. मंगलताईंकडचा संपतरावांचा मोबाईल बंद होता. शुक्रवारी उजाडता उजाडता संघाची गाडी किकवी फाट्यावर थांबली. टायरचं दुकान बंद होतं. टपरी उघडी होती. व्यवस्थापकांनी खाली उतरून बबनरावला विचारलं, शेटे कुठे राहतात, त्यांना न्यायला आलोय. बबनरावने त्यांना काल दुपारी झालेल्या अंत्यसंस्काराचं सांगितलं आणि बसायला फळी पुसून दिली. ते बसले नाहीत. गाडीत पाचवा शर्ट होता. तो त्यांनी बबनरावकडे दिला आणि घरी पोचवायला सांगितलं. बबनरावने तो त्याच सकाळी पोचवला.

बदली खेळाडू बोलावण्याची मुदत संपली होती. महाराष्ट्राचा संघ चार जणांनिशी कर्नाटकात पोचला. पाच जणांच्या सांघिक प्रकारात त्याला उतरता आलं नाही.